पाठ फिरवणारे बाक

१

शुक्रवारी सकाळी जलपरी पर्यटन केंद्रातल्या सगळ्या बाकांनी पुन्हा पाठ फिरवली होती.

चोरी झाली नव्हती. मोडतोडही नव्हती. कचऱ्याचे पेंग्विन तोंडं उघडून आपापल्या जागी उभे होते. हंसाच्या आकाराच्या पायडल बोटी साखळीला बांधलेल्या होत्या. फक्त तळ्याकाठचे सिमेंटचे आठ बाक, जे काल संध्याकाळी कँटीनकडे तोंड करून होते, ते आज पाण्याकडे तोंड करून होते. बसवून पंधरवडाही झाला नव्हता आणि ही चौथी खेप होती.

यशोधरा रोकडेने बाकांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात आपल्या धंद्याचा फेरविचार केला.

उल्हासनगरात एका जीन्सच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. पाटीवर ‘गोपनीय चौकशी’ असं लिहिलेलं होतं, पण चौकश्या सगळ्या लग्नाच्या. मुलगा पितो का, पगार सांगतो तेवढा आहे का, केस स्वतःचे आहेत का. आजवर तिने एकही खुनी पकडला नव्हता. विग मात्र बरेच पकडले होते.

“साईं, बाकाला पाय असतात,” भूपेश तेजवानी म्हणाला, “पण ते चालायला दिलेले नाहीत ना?”

खालचं जीन्सचं दुकान भूपेशचं. वर्षभरापूर्वी त्याने हे केंद्र चालवायला घेतलं होतं. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने पुढे गेलं की भातशेती संपते, साग सुरू होतो, आणि एका वळणावर अचानक हे तळं समोर येतं. जागा सरकारची, बोटी भूपेशच्या, आणि पेंग्विनची कल्पनाही भूपेशचीच.

“आधी एक सांगा,” यशोधरा म्हणाली. “तळ्याकाठचे बाक तळ्याकडे पाठ करून का?”

भूपेशने तिच्याकडे दयेने पाहिलं. “मॅडम, तळं बघणारा माणूस काय खातो? काहीच नाही. बघत बसतो. तासभर बघतो, सुस्कारा सोडतो, घरी जातो. कँटीनकडे बघणारा माणूस दहा मिनिटांत भेळ मागतो. सायन्स आहे हे.”

“आणि बाक फिरवल्याने कुणाचं काय भलं होतं?”

“तेच तर शोधायला तुम्हाला आणलं. बाहेर लोक म्हणतात भूत आहे. सोमवारी वरून साहेब येतात पाहणीला. त्यांना काय सांगू, भुताला तळं आवडतं? मला माणूस दाखवायला लागेल. आणि रात्री इथे माणूस एकच असतो. वॉचमन. तुम्ही दुसरा कोणी आणून दिला नाही, तर रविवारी संध्याकाळी त्याची नोकरी गेली.”

“कोण आहे वॉचमन?”

“महेश. पालेगावचा पोरगा.”

महिनाभरापूर्वी याच महेशची चौकशी तिने एका मुलीच्या वडिलांसाठी केली होती. शेवटी सहीनिशी दोन वाक्यं लिहिली होती. मुलगा निर्व्यसनी आहे. नोकरी पक्की आहे.

लग्न पुढच्या गुरुवारी होतं.

२

“पोलिओवाल्या मॅडम!” महेश गेटवरूनच ओरडला. “इथे पण डोस?”

महिन्यापूर्वी यशोधरा त्याच्या घरी पोलिओच्या सर्व्हेला म्हणून गेली होती. घरात लहान मूल नव्हतं. तरी ती तासभर बसली होती.

“आईने पोहे दिले होते तुम्हाला,” महेश म्हणाला. “ती अजून आठवण काढते. म्हणते, सरकार एवढं प्रेमाने कधी चौकशी करत नाही.”

“पोहे छान होते,” यशोधरा म्हणाली. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. “महेश, बाकांचं काय?”

त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, आईशपथ. रात्रभर फेऱ्या मारतो. झोपत नाही. कुत्रं आलं तरी मला कळतं.”

“मग बाक कुठल्या तोंडाने होते ते दिसलं असेल.”

“बाकाला तोंड असतं हे मला इथे लागल्यावर कळलं हो. अंधारात बाक म्हणजे बाक. दिसला की बॅटरी पुढे.” तो घुटमळला. “किर्तीच्या पप्पांचा फोन होता काल. कुणीतरी त्यांना सांगितलं, जावयाच्या ड्यूटीवर भुतं फर्निचर हलवतात. म्हणाले, नोकरी राहिली तर लग्न. आणि किर्ती म्हणते, भूत असेल तर मला बघायचंय. आता मी दोघांना काय सांगू?”

“सकाळी काय काय होतं, ते ओळीने सांग.”

“सहाला फवारे चालू होतात. टायमर आहे. मग मी गेट उघडून गेटवरच बसतो. मग हास्यक्लबवाले येतात. ज्येष्ठ नागरिक, पलीकडच्या वसाहतीतले. त्यांना सकाळची एंट्री फुकट आहे. हसतात, व्यायाम करतात, जातात. आठला स्टाफ येतो आणि बोंबाबोंब होते.”

यशोधरा काठावर गेली. लाद्या अजून ओल्या होत्या. पहिल्या बाकाशी ती वाकली. मग दुसऱ्याशी. बाक नुसते फिरले नव्हते, पाण्याच्या दिशेने हातभर सरकलेही होते. त्यांच्या पायांखाली लादी ओली होती. आणि मागे, जिथे काल ते होते, तिथे ओल्या लाद्यांवर बाकाच्या आकाराचा कोरडा तुकडा होता, जणू बाक उठून गेला आणि सावली तिथेच विसरला.

तिने त्याचा फोटो काढला. वाळायच्या आत.

मग सहज एका बाकावर बसली, समोर पाहिलं, आणि तिला काहीतरी खटकलं. ती उठून पलीकडच्या बाकावर बसली. मग त्याच्या पलीकडच्या. हा बाक सरळ होता, तो थोडा डावीकडे कललेला, शेवटचा तर चांगलाच वळलेला.

घाईत फिरवलेले बाक वाकडे राहू शकतात. पण वाकडेपणा एवढा शिस्तीत कधीच नसतो.

३

प्रज्वल बोटींचा आणि झिपलाइनचा माणूस. बदलापूरचा. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल आणि मनात रील.

“‘चालते बाक’ या नावाने कोण व्हिडिओ टाकतं?” यशोधराने विचारलं.

“मीच,” प्रज्वल म्हणाला. “कडक चाललेत. ठाण्याहून लोक येतायत.”

“म्हणजे बाक फिरले की तुझा फायदा.”

“ओ मॅडम, सीन समजून घ्या. तो बाक मला एकट्याला हलत पण नाही. आणि हलला असता ना, तर मी उचलतानाचाच रील टाकला नसता का?”

हा युक्तिवाद कोर्टात टिकला नसता, पण प्रज्वलला ओळखणाऱ्या कुणालाही तो पटला असता.

“त्यापेक्षा म्हाताऱ्यांचे रील चालतील,” तो पुढे म्हणाला. “ते हास्यक्लबवाले लय अतरंगी. सकाळी लवकर आलो तर भेटतात. परवा म्हणाले ग्रुप फोटो काढ. मी म्हटलं, तळ्याकडे पाठ करून उभे राहा, बॅकग्राउंड येईल. तर नाही! सगळे तळ्याकडे तोंड करून. मग मला पाण्यात उतरवलं. कंबरभर पाण्यात उभं राहून फोटो काढला. बॅकग्राउंडला आला संडास.”

“आणखी काय अतरंगी?”

“जाताना उलटे चालत जातात. गेटपर्यंत. म्हणतात गुडघ्यांना चांगलं असतं. सगळ्यांच्या हातात बांबूच्या काठ्या, ह्या एवढ्या जाड, पण टेकत कोणीच नाही. एक बनूबाई आहेत, सगळ्यात म्हाताऱ्या, कमरेत वाकलेल्या. फक्त त्यांच्याकडे काठी नाही.”

यशोधराने हे ऐकलं आणि वयस्कर माणसांच्या व्यायामाबद्दल आपल्याला काही कळत नाही, असं ठरवून ती कॅमेऱ्याकडे वळली.

कॅमेरा एकच होता. तो कँटीनच्या गल्ल्यावर होता.

“तळ्यावर का नाही?” तिने भूपेशला विचारलं.

“तळं कोण चोरणार?”

त्या कॅमेऱ्याला आवाज मात्र ऐकू यायचा. गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाशी काय बोलतो ते भूपेशला घरबसल्या ऐकायचं असे. यशोधराने कालची रात्र कानाला लावली. चित्रात एक काउंटर आणि त्यावरची वेफर्सची पाकिटं. आवाजात रातकिडे. महेशच्या बुटांचा आवाज, पुन्हा पुन्हा, इमानदारीने. मग सहाचे फवारे. मग लांबून हसण्याचा आवाज.

हा-हा-हा… होऽ. हा-हा-हा… होऽ.

संपलं. सिमेंटचा बाक लादीवर सरकला तर दात शिवशिवतील असा आवाज यायला हवा. रात्रभरात असा आवाज एकदाही आला नव्हता. बाक निघाले कसे आणि टेकले कसे, याची कुठेच चाहूल नव्हती.

“भूतच,” भूपेश म्हणाला. मघाशी भुतावर हसणारा भूपेश आता आवाज बारीक करून बोलत होता.

४

दुपारच्या आत यशोधराने ठरवलं की बाकांनाच विचारायचं.

तिने प्रज्वलला हंसात बसवलं आणि दोरीने दगड बांधलेली एक टायरची ट्यूब सोबत दिली. स्वतः पहिल्या बाकावर मधोमध बसली, नाक समोर धरून. “सरळ जा,” ती ओरडली. “माझ्या नाकासमोर.”

प्रज्वल पायडल मारत गेला. हंस मान ताठ ठेवून तळ्यात निघाला.

मग ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. “आता त्याच रेषेत पुढे जात राहा. माझ्या नाकासमोर आलास की थांब!”

काठापासून बऱ्याच लांब, जिथे पाण्याशिवाय काही नव्हतं, तिथे तो दोन्ही बाकांच्या बरोबर समोर आला. त्याने ट्यूब सोडली. ती वाहून जाऊ नये म्हणून दोरीचा दगड पाण्यात टाकला आणि तो तिथेच थांबला.

एका बाकावरून नुसती दिशा मिळते. दोन बाकांवरून जागा मिळते. उरलेल्या सहांनी कुठेही बघितलं असतं तरी चाललं असतं. यशोधरा तिसऱ्या बाकावर बसली.

ट्यूब नाकासमोर.

चौथ्यावर बसली. नाकासमोर. पाचव्यावर बसताना तिने मुद्दाम डोळे मिटले, नीट टेकून बसली आणि मग उघडले. काळा ठिपका बरोबर मधोमध, जसा कुणी बोट ठेवून दाखवावा. सहावा. सातवा. तिच्या हातांवर शहारे आले, तेही मे महिन्याच्या उन्हात.

आठही बाक पाण्यातल्या एकाच जागेकडे बघत होते. त्या जागेवर काहीही नव्हतं. खांब नाही, बेट नाही, खडक नाही. नुसतं सपाट, चकाकणारं पाणी. आणि तरी कुणीतरी, कुठलीही खूण नसताना, ती जागा एवढी अचूक ओळखत होतं, जसा माणूस अंधारात आपल्या घराचा दिवा लावतो.

“मलाही यायचंय तिथे,” ती ओरडली, आणि प्रज्वल हंस घेऊन तिला न्यायला काठाला आला.

भर दुपारी वाऱ्याने पाणी चुरगळलेलं होतं. खाली काही दिसेना, सगळं ऊनच ऊन. प्रज्वलने बोटीतली वीट दोरीला बांधून खाली सोडली. ट्यूबच्या थोडं अलीकडे वीट जाते जाते जातच राहिली, दोरी संपली. ट्यूबच्या पलीकडेही तसंच.

मग त्याने बरोबर ट्यूबच्या शेजारी सोडली.

वीट पुरुषभरही खाली गेली नसेल. दोरी थांबली. मग प्रज्वलच्या हातात ती दोरी बारीक थरथरली, आणि ते थरथरणं बराच वेळ थांबलं नाही, खाली काहीतरी हलून झुलत राहावं तसं.

“मॅडम,” प्रज्वल म्हणाला. गॉगल त्याने काढून ठेवला होता. “हा सीन मला रेकॉर्ड नाही करायचा.”

५

शनिवारी सकाळी फवारे बंद झाले तेव्हा यशोधरा हास्यक्लबात भरती झाली.

“नवीन सभासद?” क्लबचे प्रमुख अण्णा म्हणाले. आनंदनगरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, टी-शर्ट इन केलेला, मिश्या कातरलेल्या. “वय काय आपलं?”

“मनाने बरंच आहे,” यशोधरा म्हणाली.

“अरं घे रं तिला,” मागून बनूबाई म्हणाल्या. नऊवारी, वर क्लबचा पिवळा टी-शर्ट, पायात बूट. “पोरीच्या तोंडावर हसू नाय. औषध म्हनून घे.”

सगळे रांगेत उभे राहिले. तळ्याकडे तोंड करून. यशोधरा आजवर दोन हास्यक्लबांत चौकशीसाठी गेली होती. तिथे लोक एकमेकांकडे बघून हसतात. इथे कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. हात वर गेले, डोक्यावर जुळले, आणि सगळे पाण्याकडे बघून हसले. जुळलेले हात तिथेच राहिले, हसू ओसरल्यावरही.

भूपेशने आदल्या दिवशी माणसं लावून बाक परत कँटीनकडे वळवले होते. अण्णांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग यशोधराकडे. “आज राहू द्या,” ते पुटपुटले.

“का बरं?” यशोधरा म्हणाली. “माझ्यामुळे थांबू नका. बांबू आणलेतच.”

सगळ्यांचे हात एका क्षणात खाली आले. तळ्यावरून एक बगळा उडाला.

“बाकाखाली दोन बांबू घालायचे,” यशोधरा म्हणाली, “चौघांनी पुढे, चौघांनी मागे. खांद्यावर. तुम्ही आयुष्यभर कष्ट केलेली माणसं, सिमेंटचं काय घेऊन बसलात. सरकवायचा नाही, उचलायचा, म्हणून लादीवर घासल्याचा आवाज नाही. उचलताना तोंडातून जो आवाज निघतो तो हसण्यात मिसळायचा. हा-हा-हा, होऽ. हसताना माणूस चौथ्या ठोक्याला दम धरत नाही, अण्णा. ओझं उचलताना धरतो.”

अण्णांनी हातातला बांबू पाठीमागे धरला.

“मला वाटलं रात्री कुणीतरी फिरवतं. पण बाकांच्या जुन्या जागा काल कोरड्या होत्या आणि नव्या ओल्या. म्हणजे सहाचे फवारे उडाले तेव्हा बाक जुन्या जागीच होते. महेशची रात्र स्वच्छ आहे. सहानंतर आणि आठच्या आत इथे फक्त तुम्ही असता. फोटो काढायचा तर फोटोग्राफर पाण्यात, पण तुम्ही पाण्याकडे पाठ करत नाही. जाताना उलटे जाता. गुडघ्यांसाठी नव्हे.” ती बनूबाईंकडे वळली. “आजी, तिथे खाली काय आहे?”

बनूबाईंनी पदर सारखा केला.

“काय आहे काय विचारतेस गो? आमचा गाव हाय. जांभूळखोरं. धरण बांधलं, पानी चढलं, आमाला वसाहतीत नेलं. घरं गेली, आंबे गेले. गावदेवी मात्र आमी उचलली नाय. ती म्हनाली नाय चल म्हनून.”

“कौल लावला होता,” अण्णा खाली बघत म्हणाले. “तिने जागा सोडायला नकार दिला. आम्ही सोडली, ती राहिली.”

“मग उघड येऊन हात का जोडत नाही?”

“तो बोर्ड वाचलात?” अण्णांनी बोट दाखवलं. मोठ्याने गाणी लावणे, कोंबड्या भाजणे आणि धार्मिक कार्यक्रम करणे मना होतं, याच क्रमाने. “जांभूळखोऱ्याचे गावकरी म्हणून अर्ज केला, तर म्हणाले असं गावच नाही. हास्यक्लब म्हणून केला, त्याच दिवशी मंजूर. टी-शर्टसुद्धा मिळाले.”

“आणि बाक?”

“आता बघ,” बनूबाई म्हणाल्या, “आमी तर हात जोडून उलटं जाऊ. पन दिसभर लोक येतात, तिच्या दारात बसतात, आनि तिच्याकडं पाठ करून भेळ खातात. पावन्यानं घरच्या बाईकडं तोंड करून बसावं का नाय? त्यांना बिचाऱ्यांना म्हायती नाय. म्हनून आमी बाक फिरवतो. मानूस नाय वळत, बाक तरी वळतो.”

यशोधराच्या घरी देव नव्हते. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि आई सांगायची, कुणापुढे वाकायचं ते आधी कारण विचारून. यशोधराने कारण विचारलं होतं. आता ते मिळाल्यावर तिला काय करावं सुचेना.

यांची नावं सांगितली तर महेश सुटणार होता, पण ही सगळी माणसं कायमची त्या गेटच्या बाहेर जाणार होती.

“मना एकदा देवी बगायची व्हती,” बनूबाई म्हणाल्या. “काठावरनं दिसत नाय.”

यशोधराने फोन काढला. “भूपेशजी, गुन्हेगार सापडला. उद्या पहाटे या. एकटे या. आणि पायडल मारावं लागेल, तशा चपला घाला.”

६

रविवारी उजाडताना वारा नव्हता. तळं असं निश्चल होतं की हंसाची मान पाण्यातही तेवढीच ताठ दिसत होती.

बोटीत पुढे भूपेश आणि प्रज्वल, पायडलवर. मागे यशोधरा आणि बनूबाई. काठावर क्लब हात जोडून उभा होता, शेजारी महेश. कुणीही हसत नव्हतं, त्यामुळे क्लब ओळखू येत नव्हता.

“गुन्हेगार ही आजी?” भूपेश दबक्या आवाजात म्हणाला. “मॅडम, साहेबांना मी ही आजी दाखवू?”

“आधी तुम्ही बघा,” यशोधरा म्हणाली. “प्रज्वल, ट्यूबकडे चल. सरळ.”

“सरळ नाय!” बनूबाईंनी प्रज्वलच्या पाठीत हात मारला. “सरळ कुठं? तो सोमाचा गोठा हाय. डावीकडनं घे.”

प्रज्वलने समोर पाहिलं. समोर पाणी होतं. “आजी, इथे गोठा…”

“कुनाच्या घरावरनं जायचं नाय. गल्लीनं जायचं. वळ.”

हंस डावीकडे वळला. मोकळ्या, अफाट पाण्यात, जिथे कुठूनही कुठेही जाता आलं असतं, तिथे तो गल्लीगल्लीने निघाला. “आता हिकडं. ही विहीर, तिला वळसा घाल. हळू, हितं उतार हाय. द्रौपदीचं अंगन आलं, पाय वर घे गो, सारवलेलं असायचं.” आणि यशोधराने, कारण न विचारता, पाय वर घेतले.

पायडलचा आवाज तेवढा होता. एका ठिकाणी बनूबाईंनी प्रज्वलच्या खांद्यावर हात ठेवून हंस थांबवला. कुणी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “चूल व्हती माझी. चल पुढं.”

भूपेशने पायडल मारणं थांबवलं होतं. त्याच्या लक्षातही नव्हतं.

“माझे दादा,” तो म्हणाला, “आजोबा. सिंधमधल्या शिकारपूरहून आले उल्हासनगरच्या कँपात. सत्तेचाळीसनंतर. शेवटी दवाखान्यात पडून होते तर रस्ता सांगायचे. इथून डावीकडे, मग हलवाई, मग नीमचं झाड, हळू चालव. आम्ही डॉक्टरला म्हटलं, ताप डोक्यात गेला. इंजेक्शन द्या.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “कुणी विचारलंच नाही, दादा, हलवायाच्या पुढे काय?”

“थांब,” बनूबाई म्हणाल्या. “आलं दार.”

ट्यूब शेजारीच तरंगत होती. चौघंही बोटीच्या काठावरून वाकले.

सूर्य नुकताच सागांच्या वर आला होता आणि उजेड तिरका पाण्यात उतरत होता. आधी हिरवं धूसर दिसलं. मग त्या धूसरातून एक दगडी कळस वर आला, इतका जवळ की यशोधराने हात बुडवला असता तर बोटांना लागला असता. त्याखाली उतरतं छप्पर. छपरापुढे लाकडी तुळई, आणि तुळईला टांगलेली घंटा, हिरवी पडलेली. त्याखाली दार, आणि दाराच्या आत अंधार. त्या अंधारातून चंदेरी माशांची एक रांग सावकाश बाहेर आली, घंटेखालून गेली, उंबऱ्याशी वळली आणि पुन्हा आत शिरली. दर्शनाला आल्यासारखी. घाई नाही, ढकलाढकल नाही.

परवाच्या विटेने याच घंटेला धक्का दिला होता.

प्रज्वलचा फोन खिशातच राहिला. बनूबाईंनी कनवटीचा झेंडू काढला, पाण्यावर ठेवला, आणि शेजारच्या घरी हाक मारावी तसं म्हणाल्या, “आले गो. पानी लई व्हतं मधे.”

यशोधराला आठवेना की तिने हात कधी जोडले.

परतीच्या वाटेवर हंस पुन्हा गल्लीनेच गेला. या वेळी बनूबाईंनी काही सांगायच्या आधी भूपेश म्हणाला, “प्रज्वल, विहीर आली. वळसा घाल.”

काठावर अण्णा पुढे झाले. “तेजवानीसाहेब, पोराला काढू नका. नाव आमचं लिहा. उद्यापासून आम्ही येणार नाही.”

भूपेश जवळच्या बाकापाशी गेला आणि त्याची पाठ थोपटली. मग म्हणाला, “महेश, बाक फिरव. पाण्याकडे. आणि खाली सिमेंट टाक, परत हलायला नको. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, लेक व्ह्यू आहे, लेकच दिसणार. अण्णा, तुम्ही सगळे आहात ना उद्या? हसायला आणि हात जोडायला, दोन्हीला. तो बोर्ड मी बघतो.” तो थांबला. आतलं सायन्स उसळून वर आलं. “पण भेळ?”

प्रश्न खरा होता.

“भेळ बोटीत ठेवा,” महेश म्हणाला. “हंसात. लोक पाण्याकडे बघतील, पाण्यात भेळ दिसेल.”

भूपेशने त्याच्याकडे असं पाहिलं, की यशोधराला आपल्या अहवालात ‘बढतीची शक्यता’ असंही लिहिता आलं असतं. तिने तिथेच किर्तीच्या वडिलांना फोन लावला. “रोकडे बोलतेय, तुमची पोलिओवाली. मुलाची नोकरी पक्की आहे. हो, बाकपण पक्के आहेत. आणि मुलीला सांगा, भूत नाही. त्याहून मोठं आहे. गुरुवारनंतर नवऱ्याबरोबर येऊन बघ म्हणावं.”

दहा वाजता भेळेचा हंस पाण्यात उतरला. प्रज्वलने तो बाकांच्या बरोबर समोर नेऊन उभा केला, आणि काठावरून पंचवीस म्हातारे एका आवाजात ओरडले, “डावीकडे घे! दारात कुठे उभा राहतोस!”

यशोधरा निघाली. गेट लांब होतं, ऊन चढलं होतं, दुपारी एक विग बघायला अंबरनाथला जायचं होतं. चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिचं तोंड तळ्याकडे आहे आणि पावलं गेटकडे. तिने ते सुधारलं नाही. तशीच उलटी चालत राहिली, डोळे त्या सपाट पाण्यावर, जिथे काहीच दिसत नव्हतं, आणि मागे असलेल्या एका पेंग्विनवर जाऊन आदळली.

“सॉरी,” ती पेंग्विनला म्हणाली. मान मात्र वळवली नाही.